सात आणि एक

धाकटीला कार्यालयात सगळे धाकटीच म्हणत, आणि त्याला जबाबदार तिचा दादा. नोकरीच्या पहिल्या दिवशी तो तिला सोडायला आला होता, आणि ती जिना चढून वर गेल्यावर त्याने रस्त्यावरून खणखणीत हाक मारली होती, "ए धाकटे, डबा राहिला!" खिडकीत चार डोकी आली, खो खो हसली, आणि झालं. आता ती एक्केचाळीस वर्षांची होती, कानशिलावरचे केस पांढरे झाले होते, हाताखाली दोन माणसं होती, तरी साहेबांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांची ती धाकटीच.

काम मात्र थोरलं होतं. ज्यांच्या किडन्या निकामी झाल्या आहेत अशा माणसांची यादी ठेवणारं ते कार्यालय. कुठे कुणी दगावलं, घरच्यांनी मन घट्ट करून होकार दिला, की तासाभरात ठरवायचं असतं, ही किडनी कुणाची. असं ठरवायला माणसं बसवली की वशिला आला, 'आमच्या अगदी जवळचे आहेत हो' आलं, टेबलाखालून चिठ्ठ्या आल्या. म्हणून ते काम यंत्राकडे. आणि यंत्राला ते शिकवणारी ही बाई. यादीचा सगळा प्रोग्रॅम तिने एकटीने लिहिलेला.

नियम डॉक्टरांच्या समितीने घालून दिलेले, एका कागदावर मावतील एवढे. प्रकृती किती बिघडली आहे त्याचे गुण, जास्तीत जास्त ०.७. वाट किती पाहिली त्याचे गुण, दोन वर्षं भरली की ०.१ आणि पुढे दर वर्षाला आणखी ०.१. बेरीज ०.८ झाली किंवा त्याच्या वर गेली की माणूस पहिल्या रांगेत, नाहीतर दुसऱ्या. किडनी आली की पहिल्या रांगेत ज्याच्याशी सगळ्यात चांगली जुळेल त्याला फोन. त्या रांगेत कुणाशीच जुळली नाही, तरच दुसरी रांग बघायची.

आता गुण दशांशात कशाला, असं कुणी विचारेल. सरळ सात, एक, आठ म्हणायला काय धाड भरली होती? पण मोठ्या माणसांना साधे आकडे पोरकट वाटतात. दशांश चिन्ह असलं की कसं भारदस्त दिसतं. धाकटीनेही 'बरं' म्हटलं आणि तसंच लिहून टाकलं.

पहिल्याच महिन्यात नोंदणीबाई हसत हसत तिच्या टेबलाशी आल्या होत्या. नोंदणीबाई म्हणजे रुग्णांचे अर्ज भरून घेणाऱ्या, जाड भिंगांच्या, आणि कुणाच्याही चुका काढण्यात पटाईत. "धाकटे, तुझ्या यंत्राला शेपूट फुटलंय गं," त्या म्हणाल्या. एका रुग्णाचे ०.१ आणि ०.२ मिळून पडद्यावर आलं होतं ०.३०००००००००००००००४. धाकटीला त्याचं कारण माहीत होतं. कॉलेजात शिकली होती, परीक्षेत लिहिलं होतं, पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. "असं होतं कधी कधी, त्याने काही बिघडत नाही," ती म्हणाली, आणि पडद्यावर दोनच घरं दिसतील अशी सोय करून दिली. ०.३०. छान, नीटनेटकं. नोंदणीबाई खूश. आत यंत्राच्या पोटात शेपूट तसंच राहिलं, पण ते आता कुणाला दिसणार नव्हतं.

त्यानंतर वर्षभराने दादा आजारी पडला.

दादा सुतार. घराच्या खालच्या खोलीत त्याचा कारखाना, आणि हात असा की त्याने बसवलेल्या खणात कागद सरकत नसे. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, पाणी मोजून प्यायचं, आणि यादीत नाव. कुठल्या यादीत, हे सांगायला नकोच.

नाव लागलं त्या दिवशी धाकटीने स्वतःहून साहेबांना लिहून दिलं की माझा सख्खा भाऊ यादीत आहे, यापुढे मी खरी यादी उघडणार नाही, प्रोग्रॅमचं काम खोट्या नावांवर करीन. साहेबांनी तिची पाठ थोपटली. वहिनीने मात्र एकदा गळ घातली होती, "नुसतं डोकावून बघ ना गं, हे कितवे आहेत ते. मी कुणाला सांगणार नाही." धाकटी म्हणाली होती, "वहिनी, आगीत हात घालायला सांग, घालीन. हे नको सांगूस." आणि दादा आतून ओरडला होता, "तिला धर्मसंकटात घालू नकोस! नंबर येईल तेव्हा येईल." त्या गोष्टीचा धाकटीला अभिमान होता. अडीच वर्षांत तिने एकदाही डोकावलं नव्हतं. घाला चुलीत तो अभिमान, पण होता खरा.

मार्चच्या नऊ तारखेला दादाची दोन वर्षं भरली. फोन आला नाही. जुलैत डायलिसिसच्या नळीतून जंतू शिरला, तो थेट हृदयाच्या झडपेत जाऊन बसला. एकवीस दिवस दवाखाना झाला. घरी आला तेव्हा दादा अर्धा झाला होता. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, खोटं बोलायच्या नाहीत. म्हणाल्या, हे हृदय आता ऑपरेशन सोसणार नाही. झडप सुधारली तर पुढे बघू, पण मला आशा वाटत नाही. यादीत त्याच्या नावापुढे लाल खूण पडली: तूर्त नको.

सप्टेंबरमध्ये नोंदणीबाई वार्षिक अहवालाला बसल्या. आता यंत्र असताना हाताने कोण मोजतं? पण या बाईचा यंत्रावर काडीचा विश्वास नव्हता. ०.८० आणि वर गुण असलेली माणसं त्यांनी पेन्सिलीने टिकल्या मारून मोजली, शेहेचाळीस भरली. यंत्र म्हणत होतं, पहिल्या रांगेत बेचाळीस. त्यांनी तीनदा मोजलं. मग चारच ओळींचा एक कागद काढला, नावं आत जातील असा दुमडला, आणि नुसते आकडे धाकटीपुढे ठेवले.

"हे चौघं बघ. गुण ०.८०, आणि रांग दुसरी. माझं डोकं फिरलंय की तुझं यंत्र?"

चौघांचेही गुण एकसारखेच. प्रकृती ०.७, वाट ०.१.

धाकटीला पहिल्यांदा काय वाटलं, ते सांगायलाच हवं, कारण पुढे तिला त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली. तिला मजा वाटली. गाठ सापडली की ती सोडवणाऱ्याला वाटते तशी. तिने दोन घरांची सोय काढून टाकली आणि पूर्ण आकडा पडद्यावर आणला. ०.७९९९९९९९९९९९९९९९.

"अगं बाई!" ती म्हणाली. "बघा, सात आणि एक आठ भरत नाहीयेत. सहा आणि दोन भरतात. पाच आणि तीन भरतात. चार आणि चारही. मी तेच तपासले होते ना! फक्त ही एक जोडी..." ती भराभरा बोलत सुटली. नोंदणीबाई भिंगांआडून नुसत्या तिच्याकडे बघत होत्या, आणि कागदाच्या दुमडलेल्या बाजूवर त्यांनी पंजा दाबून धरला होता.

धाकटीचं बोलणं हळूहळू थांबलं.

"बाई, यात कोण आहे?"

"तुला नियम आहे ना, बघायचं नाही," नोंदणीबाई म्हणाल्या.

मग धाकटीने तो पंजा स्वतःच्या हाताने बाजूला केला. तिसरं नाव दादाचं होतं.

पुढचं नोंदणीबाईंनी शोधलं, कारण खरी यादी उघडायची धाकटीला मुभा नव्हती. त्या चौघांपैकी तिघांशी जुळेल अशी किडनी मधल्या काळात आलीच नव्हती, त्यांचं काही गेलं नव्हतं. दादाशी जुळणारी एक आली होती. मे महिन्यात, एकोणीस तारखेला. पहिल्या रांगेतल्या एका बाईला ती गेली, तिच्याशीही बरी जुळत होती. दादाशी जास्त जुळत होती. तो पहिल्या रांगेत असता तर फोन त्याला जाणार होता, त्यात शंकेला जागाच नव्हती.

साहेब म्हणाले, "आधी वकिलांना विचारू. तोवर कुणाला काही बोलू नका." धाकटीने ऐकून घेतलं, मान हलवली, पर्स उचलली आणि भर दुपारी दादाच्या घरी गेली.

वहिनी कामावर होती. ती एका लॉन्ड्रीत इस्त्रीचे कपडे मोजून द्यायची, सहाला सुटायची. दादा खालच्या खोलीत खुर्चीवर बसला होता, समोर एक बिनपाठीचं स्टूल. रंधा हातात धरवत नव्हता, म्हणून नुसता काचकागद फिरवत होता. पाय सुजलेले, चेहरा मातीच्या रंगाचा.

"या धाकटीबाई," तो म्हणाला. "आज कचेरीला दांडी?"

तिने उभ्या उभ्याच सांगितलं. बसली असती तर सांगता आलं नसतं. तुला मार्चमध्ये पहिली रांग मिळायला हवी होती. मिळाली नाही. मेमध्ये किडनी आली होती, ती तुझी होती. यंत्राने बेरीज चुकवली. यंत्र मी लिहिलंय.

दादाने काचकागद खाली ठेवला. "यंत्र बेरीज कसं चुकवेल? त्याला दुसरं येतं काय?"

माणूस मोठा कठीण. दुसरा कुणी ओरडला असता, रडला असता. ह्याने काम समजून घ्यायला घेतलं. खिडकीतली कागदाची लांब पट्टी ओढली, तिच्यापुढे धरली. "दाखव."

"याची घडी घाल," धाकटी म्हणाली. "बरोबर मधोमध."

त्याने घातली.

"हे अर्ध. आणखी घाल. हे पाव. आणखी एक, अर्धपाव. यंत्राला एवढंच येतं, दादा. घडीची घडी. अर्ध, पाव, पाऊण असलं काही सांग, चोख ठेवेल. पण आता मला याच पट्टीचा दहावा भाग काढून दे. नुसत्या घड्या घालून."

दादाने पट्टीकडे बघितलं. सुजलेल्या बोटांनी आणखी एक घडी घातली. "सोळावा झाला. दहावा त्याच्यापेक्षा मोठा. सोळाव्यात बत्तिसावा मिळवला तर..." तो पुटपुटत राहिला. "तरी थोडा उरतोच."

"उरतोच. कितीही घाल, उरतोच. शेवटी घरं संपतात, मग यंत्र उरलेलं कापतं नाहीतर थोडं वाढवून घेतं. सात दशांश म्हणून जे ठेवलं, ते खऱ्या सातापेक्षा कणभर खाली बसलं. आठ दशांश म्हणून ठेवलं, ते कणभर वर बसलं. सातात एक घातला तरी मधे फट राहिली."

"केवढी?"

"दशांश चिन्हापुढे पंधरा शून्यं, आणि मग एक."

"म्हणजे केवढी? मला लाकडात सांग."

"लाकडात नाही सांगता येत, दादा. एवढं बारीक लाकूड नसतं."

दादा हसला. खरोखरच हसला, खोकला येईपर्यंत. "अशी फट आमच्यात पडली तर आम्ही सरस आणि भुसा कालवून भरतो, गिऱ्हाइकाच्या बापाला कळत नाही. तुमच्यात नाही भरता येत?"

"येते. एक ओळ लिहायची असते. नाहीतर दशांश सोडून सरळ सात आणि एक मोजायचे, मग फटच पडत नाही. मला माहीत होतं, दादा. मला शेपूट दिसलं होतं. मी ते झाकलं."

हे ऐकल्यावर मात्र तो हसायचा थांबला. म्हणाला, "मला कशाला सांगितलंस?"

"तुला कळायला नको?"

"कशाला कळायला हवं होतं? माझं नशिबावर रागावून झालं होतं. दोन महिने लागले, पण झालं होतं. छान थंड झालो होतो. आता काय करू? तुझ्यावर रागावू?"

"रागाव. मार मला."

"हात उचलत नाही गं," दादा म्हणाला, आणि ते अगदी शब्दशः खरं होतं. मग त्याने मान वर केली. "हिला सांगायचं नाही. ती अजून देवाला शिव्या घालते रोज सकाळी. तेवढा आधार राहू दे तिला. देवाचं काही बिघडत नाही, पण तुझी वहिनी तुझ्याशी बोलायची थांबली तर घरात उरलं कोण? शपथ घे."

धाकटीने शपथ घेतली. दादा म्हणाला, "आता जा," आणि पुन्हा काचकागद उचलला. ती दारात पोचेपर्यंत त्याने हाक मारली नाही, वळून बघितलंसुद्धा नाही. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं. रस्त्यावर येऊन ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि तोंडावर पर्स धरून रडली.

सोमवारी साहेबांनी दुरुस्तीला परवानगी दिली. दुरुस्ती कसली? सात, एक, आठ. अकरा मिनिटांत झाली. धाकटीच्या मनात एकच होतं, उरलेल्या तिघांचं तरी आजच्या आज व्हावं. त्यांना कळावं, त्यांनी फोन उशाशी घ्यावा, एक दिवसही आणखी वाया जाऊ नये. रांग बदलली की रुग्णाच्या आणि घरच्यांच्या फोनवर आपोआप निरोप जायचा, ती सोय तिने मुद्दाम चालू ठेवली आणि सगळी यादी नव्याने चालवली. शेहेचाळीसच्या शेहेचाळीस पहिल्या रांगेत आले. नोंदणीबाईंनी पेन्सिलीने टिकल्या मारून खात्री केली.

बाराच्या सुमाराला वहिनीचा फोन आला.

"अगं ये! लवकर ये! रिक्षा सांगितलीय मी, पण हे उठायलाच तयार नाहीत, तू ये आणि समजाव यांना!" मागे कपाटाचं दार आपटल्याचा आवाज, आणि फोन बंद.

निरोप पाठवताना यंत्र फक्त रांग बघतं. लाल खूण बघत नाही. ते धाकटीला तिथे, फोन कानाला असतानाच, कळलं.

ती धावतच गेली. वहिनी दारात उभी. कामावरचेच कपडे, केस सुटलेले, पायाशी भरलेली पिशवी. टॉवेल, चप्पल, दादाचे चष्मे, सगळे कागद. तिने धाकटीला अशी काही मिठी मारली की धाकटीचा श्वास कोंडला. "पहिली रांग! बघ, बघ, वाच ना!" तिने फोन पुढे केला. आपले गुण ८. आपण आता पहिल्या रांगेत आहात. फोन सतत जवळ ठेवावा. "मी म्हणत नव्हते? त्या डॉक्टरीणबाईंना काय कळतं! झडप सुधारली असणार, त्याशिवाय रांग बदलेल का? तूच सांग, उगीच बदलेल का?"

आत दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याने कूस बदलली नाही. भिंतीशीच बोलावं तसा म्हणाला, "सांग आता तिला. शपथ सोडली तुझी."

मग धाकटीने सांगितलं. झडप सुधारलेली नाही, वहिनी. आज दादाचं काही बदललेलं नाही, माझा प्रोग्रॅम बदललाय. सात आणि एक आठ होतात, ते त्याला आज कळलं. मार्चमध्येच कळायला हवं होतं. शेपटाचं सांगितलं, झाकल्याचं सांगितलं, काहीही वगळलं नाही. बाहेर रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न वाजवला आणि तो निघून गेला.

वहिनी ओरडेल असं धाकटीला वाटलं होतं. ती पिशवीशेजारी जमिनीवर बसली. "मग यांची आली होती का? मधे कधी?"

"आली होती."

"कधी?"

"मेमध्ये. एकोणीस तारखेला."

वहिनी बोटांवर दिवस मोजू लागली. लॉन्ड्रीत गठ्ठे मोजायची सवय तिला, ओठ हलवत मोजायची. "एकोणीस मे. तो रविवार होता," ती म्हणाली. "हे तुझ्याकडे आले होते. तुझं स्वयंपाकघरातलं कपाट बसवायला. दिवसभर होते. तू सांगितलंस मला, चार पोळ्या खाल्ल्या म्हणून, शिट्टी वाजवत होते म्हणून."

धाकटीला आठवलं. फळी बसवून झाल्यावर दादाने त्याच फळीवर हात टेकून सगळा भार टाकला होता, आणि म्हणाला होता, बघ, आपण दोघं बसलो तरी पडायची नाही.

"हो," ती म्हणाली.

"फोन यांच्या खिशात होता," वहिनी म्हणाली. "मी सकाळी पूर्ण चार्ज करून दिला होता गं."